सावंतबाईंची वायर

आमच्या शिरवण्याच्या छोट्या ऑफिसात इंटरनेटचा नवा स्विच बसवायला एक वायरमन आला होता. एकेका टेबलाची वायर जोडली की तो ती दोनदा ओढून बघायचा आणि त्या टेबलावरच्या माणसाचं नाव चिकटपट्टीवर लिहून ती वायरीवर गुंडाळायचा.

मी तिथला मॅनेजर. मालकांनी मला सकाळीच बजावलं होतं, सावंतबाईंचं टेबल जोडू नका, संध्याकाळी त्यांना कामावरून काढायचंय. बाईंना काहीच ठाऊक नव्हतं.

त्याला चहा देत, माझ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "दादा, माझं फास्ट करा हां, आमच्या सरांचं स्लो चालेल!"

सगळे हसले. मी त्याला जिन्यात नेऊन म्हणालो, बाईंची वायर जोडू नको, विचारलं तर बिघाड आहे म्हण; आणि खरं कारणही सांगितलं.

"वायर नाय जोडत, साहेब," तो म्हणाला. "पन बाईशी खोटं मी नाय बोलनार. ते तुमचं काम हाय."

आम्ही आत आलो. बाईंनी विचारलं, "झालं का माझं?"

तो वायर हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. बिघाड त्याच्या माथी मारून मोकळं व्हायचं, असं मी ठरवलं होतं, याची मला लाज वाटली. मी खुर्ची ओढून बाईंसमोर बसलो.

अवजारं तशीच टाकून तो बाकीच्यांना म्हणाला, "चला, जरा बाहेर चला." आणि जाताना त्याने दार हळूच ओढून घेतलं.