बर्फावर आमची घोंगडी

जालन्याहून मनमाडच्या गाडीत बसलो तेव्हा पायाशी घोंगड्यांचं गाठोडं आणि शेजारी मेहुणा किसन. गिरणीची ब्लँकेटं आल्यापासून आमच्या गल्लीतले माग एकेक करून बंद पडत चालले होते. काश्मिरात गुलमर्गला इंग्रज साहेबलोक बर्फावर घसरायला येतात, तिथल्या हॉटेलाला घोंगड्या लागतील, असं कानावर आलं. ऑर्डर मिळाली तर माग चालणार, नाहीतर किसन गिरणीत जाणार.

जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं: रावळपिंडीपर्यंत रेल्वे, पुढं लॉरी. ड्रायव्हरशेजारची जागा मागून घ्या, मागं हाडं खिळखिळी होतात. तंगमर्गला रस्ता संपतो, मग बर्फातून पायी चढ. आमची उर्दू ऐकून हमाल हसले, मजुरी मात्र बिलकुल कमी केली नाही.

वर पोचलो तर झाडांच्या कड्यात परातीसारखं पांढरं मैदान. लाकडी हॉटेल, खोलीखोलीत लोखंडी शेगडी, गरम पाणी डब्यांतून येतं. त्याच्या वर खिलनमर्गचा उतार, तिथं थांबायला एक झोपडी. साहेब पायांना लांब फळ्या बांधून, मागं घसरू नये म्हणून खाली कातडं लावून, अर्धा दिवस चढतात आणि विडी संपायच्या आत खाली येतात.

"दाजी, ह्यांना कुणी शिक्षा केली का?" किसननं विचारलं.

मला हसायचंही त्राण नव्हतं.

मॅनेजरनं पारखायला म्हणून घोंगड्या व्हरांड्यातल्या बाकांवर टाकल्या. आमच्याकडं घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, म्हणजे पाऊस आत शिरत नाही. साहेबासाठी म्हणून माझ्या बायकोनं, रुक्मिणीनं, खास दुप्पट खळ दिली होती. ओल्या कपड्यांनी लोक बसून गेले. सकाळी घोंगड्या गोठून दारासारख्या उभ्या राहिल्या. शेगडीजवळ नेल्या तर खळ सुटून चिकट झाली. एक मडम उठली, घोंगडीही तिच्यासंगं उठली.

"सेठ, ये कंबल है या किवाड़?" मॅनेजर म्हणाला.

किसन हळूच म्हणाला, "दाजी, खळ धुऊन काढू का?"

"अन् तुझी अक्का काय म्हणल?"

"माग बंद पडले तर काय म्हणल?"

दिवसभर आम्ही गरम पाण्यात घोंगड्या चोळल्या. बोटं बधिर झाली. शेगडीपाशी वाळलेली मऊ लोकर मॅनेजरनं अंगावर ओढली, डोळे मिटले आणि म्हणाला, अशाच पाठवा, खळीशिवाय.

परतीच्या गाडीत किसन घोरत होता. मी मात्र जागाच.

घरी रुक्मिणी चुलीवर खळ रटरटवून राह्यली होती. ऑर्डर मिळाली म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. मग बाकीचं सांगितलं.

ती ढवळता ढवळता थांबली. "म्हंजे त्याच्यात माझ्या हातचं काहीच न्हाई?"

मी वाकून गाठोड्याची गाठ सोडू लागलो.

आता गल्लीत मागांचा खटखटाट आहे. किसन गिरणीत गेला नाही. गुलमर्गला धुतलेली एक घोंगडी मी स्वतःला ठेवली होती, मऊ म्हणून. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी उठून पाहतो तर ती अंगणात दोरीवर ताणलेली, खळीनं कडक.

"ही इकायची न्हाई," रुक्मिणी म्हणाली. "घरची हाय."

रोज तीच पांघरतो. टोचते.