कोपऱ्यातल्या जाऊबाई

माझे थोरले दीर दात बनवतात. आमच्या भागातले निम्मेअधिक दंतवैद्य त्यांच्याकडे ठसे पाठवतात आणि भाऊजी बाजारामागच्या लॅबमध्ये बसून कवळ्या तयार करतात. पांढऱ्या रंगाच्या किती छटा असतात, हे त्यांना विचारू नये. ते सांगतात. समोरचा माणूस हसला की आपण त्याच्या डोळ्यांकडे बघतो, भाऊजी वरच्या रांगेकडे बघतात. शेजारच्या काकूंनी नवा दात बसवला आणि कौतुकाने विचारलं, "कसा दिसतो?" भाऊजी म्हणाले, "पांढरा आहे. पण तुमचा वाटत नाही." काकू तेव्हापासून त्यांच्यासमोर तोंडावर पदर धरून हसतात. वाईट हेतू नसतो. पांढऱ्याच्या बाबतीत त्यांना खोटं बोलता येत नाही, एवढंच.

अशा माणसाने फोटोग्राफीचा नाद लावून घेतला तर काय होणार? ते चादरींचे फोटो काढू लागले.

म्हणजे सुरुवात माणसांपासूनच झाली होती. माझ्या मुलाला पदवी मिळाली त्या दिवशी भाऊजींनी आम्हा सगळ्यांना कॉलेजच्या भिंतीपुढे उभं केलं. फोटो आला त्यात आम्ही खाली उजव्या टोकाला, मुंग्यांसारखे. बाकी सगळी भिंत. सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "भिंतीचाच काढायचा होता तर आम्हाला कशाला उन्हात तिष्ठत ठेवलंस?"

"आई, ती मोकळी जागा आहे. नजरेला टेकायला काहीतरी लागतं."

"नजरेला टेकायला आख्खी भिंत," जाऊबाई म्हणाल्या, "आणि बायकोला उभं राहायला कोपरा."

त्यानंतर घरातले एकेक करून गळाले. उरल्या जाऊबाई, कारण त्यांना गच्चीवर कपडे वाळत घालायला तसंही जावंच लागे. भाऊजी कॅमेरा घेऊन मागे. ऊन थेट चादरीवर यायच्या आत, सकाळच्या मऊ उजेडात. कॅमेरा अडाणी असतो, असं त्यांचं मत आहे. समोर सगळं पांढरं दिसलं की तो घाबरतो आणि चादर राखाडी करून ठेवतो. मग आपण उजेड जरा चढवायचा. पण जरा. जास्त चढला की पांढरं जळतं, आणि जळलेल्या पांढऱ्यात काही उरत नाही. ना वीण, ना सुरकुती, ना शिवणीचा दोरा. चादर आहे की कागदाला पडलेलं भोक, ते कळत नाही.

"झालं का?" जाऊबाई हात वर धरून विचारत. "चिमटा सोडू का धरू?"

"धर. सुरकुती छान आलीय."

"सुरकुत्या माझ्याही आल्यात. त्या काढा."

हौशी फोटोवाल्यांचं एक मंडळ आहे. दरवर्षी त्यांचं प्रदर्शन भरतं, आणि दरवर्षी भाऊजींचे फोटो घरी परत येत. या वर्षी एक निवडला गेला. मोठी पांढरी चादर, तिची वीण सुद्धा मोजता येईल इतकी स्वच्छ, आणि खाली कोपऱ्यात जाऊबाई, मान वळवून काहीतरी म्हणताहेत. काय म्हणत होत्या ते मला माहीत आहे. "आटपा, दूध उतू जाईल," असं म्हणत होत्या. भाऊजींनी निवड झाल्याची बातमी जेवताना सांगितली, तीही दोनदा, कारण पहिल्यांदा कोणी ऐकली नाही. मला मात्र दिसलं की त्या रात्री त्यांनी भाजी परत वाढून घेतली. असं ते करत नाहीत. प्रदर्शनाच्या भिंतीवर आपला फोटो लागावा, एवढी एकच गोष्ट या माणसाने इतक्या वर्षांत स्वतःसाठी मागितली होती.

मोठी प्रत काढायला त्यांनी चौकातल्या छपाईवाल्याकडे दिली. काम चालू असताना भाऊजी फोन उचलत नाहीत, म्हणून तिथे नंबर जाऊबाईंचा दिलेला. छपाईवाला भला माणूस. त्याने फोन केला.

"वहिनी, फोटोत वरती सगळं रिकामंच आहे. चुकून आलं असणार. कापून टाकू का? मग तुम्ही मोठ्या दिसाल. आणि जरा उजळ करतो, चादर मळकट वाटतेय."

आपण धुतलेली चादर मळकट, हे जाऊबाईंना लागलं असावं. त्या म्हणाल्या, "कापा."

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी भाऊजी प्रत घेऊन आले. कागद टेबलावर सोडला आणि तिथेच उभे राहिले. कागदभर जाऊबाईंचा चेहरा. तोंड दुधासाठी उघडलेलं, पण दिसत होतं हसल्यासारखं. मागे पांढरं. वीण नाही, सुरकुती नाही, काही नाही.

"जळलंय," भाऊजी म्हणाले.

"मीच सांगितलं कापायला," जाऊबाई म्हणाल्या.

"का?"

"का म्हणजे? माझ्या बहिणीच्या फोनमध्ये माझे फोटो आहेत. भाचीच्या फोनमध्ये आहेत. तुमच्या त्या कपाटभर फोटोंत माझा एकात तरी चेहरा दाखवा. माझी पाठ दाखवाल. कोपर दाखवाल. चिमटा धरलेला हात तर ढिगाने."

भाऊजींनी यावर विचार केला. मग म्हणाले, "कोपर चांगलं आलंय."

जाऊबाई आत गेल्या आणि भांडी वाजली.

दुकान अजून उघडं होतं. मूळ फोटो खिशात होता, पुन्हा छापून घ्यायला वेळही होता. भाऊजी चपला घालून निघाले. मला वाटलं, आता हा माणूस अख्ख्या चादरीची प्रत आणणार आणि आमच्याकडे महिनाभर अबोला पाळला जाणार.

दुकानात काय झालं ते छपाईवाल्याने मला नंतर सांगितलं. भाऊजींनी तोंड उघडायच्या आतच त्याने एक पाकीट पुढे केलं. "बरं झालं आलात. वहिनींनी दुपारी परत फोन केला होता, छोट्या प्रती हव्यात म्हणून. बहिणीला, भाचीला, आणि एक स्वतःला पर्समध्ये ठेवायला."

भाऊजींनी विचारलं, "पर्समध्ये?"

"तसंच म्हणाल्या."

भाऊजींनी पाकीट घेतलं. खिशातलं काही बाहेर काढलं नाही. चादर जरा कमी उजळ करता आली असती, एवढं त्याला सांगून घरी आले.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या चिटणीसांनी प्रत पाहून कपाळाला आठ्या घातल्या. निवडलेला फोटो हा नव्हे, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. शेवटी ती शेवटच्या खोलीत, पाण्याच्या मशीनशेजारी लागली. जाऊबाई नव्या चपला घालून तिच्याखाली उभ्या राहिल्या. तहानलेले लोक येत, फोटोकडे बघत, मग त्यांच्याकडे बघत, मग पाणी पीत. "तुम्हीच का?" "हो, मीच." असं दुपारपर्यंत चाललं.

मग मंडळातले सगळ्यांत जुने सभासद आले. भाऊजी यांना फार मानतात. त्यांनी नाक कागदाला लागेपर्यंत वाकून पाहिलं.

"चादर पूर्ण जळलीय हो," ते म्हणाले. "तुमच्या हातून?"

जाऊबाई दोन हात अंतरावर उभ्या होत्या. भाऊजींनी फोटोकडे पाहिलं. पांढऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर दाताचा ठसा चुकल्यावर येतं तसं काहीतरी आलं आणि गेलं.

"मुद्दाम केलंय," ते म्हणाले.

"मुद्दाम?"

"हो. चेहऱ्यावरून नजर हलू नये म्हणून."

सभासदांनी "हं" केलं, एक पेला पाणी घेतलं आणि पुढच्या खोलीत गेले.

जाऊबाई जवळ आल्या. "मुद्दाम होय?"

"हो."

"मग आधी सांगायचं तरी," जाऊबाई म्हणाल्या. "मी केस विंचरून आले असते."