मामांच्या फळ्यांची भिंत

आमचे मामा सेंट्रिंगचे सुतार. काँक्रीट ओतायला लाकडाचा साचा उभा करायचा आणि ते घट्ट झालं की साचा काढून न्यायचा. जन्मभर राबून दाखवायला एक फळीही उरली नाही, असं मामी त्यांना चिडवायची. पण चाळीस वर्षांपूर्वी आमचं नवं चर्च उभं राहिलं तेव्हा गिलावा अजिबात नको, असा आर्किटेक्टने हट्टच धरला. मामांच्या फळ्यांच्या रेषा, गाठी भिंतींवर जशाच्या तशा उमटल्या. ना मनोरा, ना रंगीत काचा. लोक नाकं मुरडून त्याला गोदाम म्हणायचे. मी मात्र वेदीवरच्या उभ्या फटीतून ऊन आलं की रविवारची मिस्सा, फादरांची प्रार्थना, सगळं विसरून त्या गाठींकडे बघत बसायचे. मामांच्या सदऱ्याला तेव्हा ओल्या लाकडाचा वास यायचा. त्या वासाची आजही आठवण येते.

गेल्या वर्षी वेदीमागची भिंत पाझरू लागली. नव्या इंजिनिअरने सगळं काँक्रीटच कच्चं ठरवलं आणि आतून सरसकट गिलावा करायचं घाटलं. सभेत हात वर होऊ लागले. मला रडू कोसळायच्या बेतात होतं. तेवढ्यात, चारचौघांत कधी तोंड न उघडणारे मामा उठले.

त्यांनी सांगितलं ते मामीलाही ठाऊक नव्हतं. ती भिंत एका दमात ओतायची होती. मध्ये खंड पडला की दोन थर एकजीव होत नाहीत, सांधा राहतो. त्या दिवशी बांधकामावरचे साहेब परगावी, काम मामांच्या हवाली. दुपारी बाराला जुन्या चर्चची घंटा झाली. घंटा झाली की हातातलं काम ठेवून प्रार्थना, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं. त्यांनी सगळ्यांना थांबवलं. प्रार्थना दोन मिनिटांची, पण खाली उतरलेल्या माणसांनी डबेच उघडले. परत चढेपर्यंत खालचा थर घट्ट झाला होता. साचा काढल्यावर दिसलेली रेघ मामांनी सिमेंट घासून झाकली आणि गप्प बसले.

"देवाचं नाव घ्यायला थांबलो आणि देवाचंच घर बिघडवलं," ते म्हणाले. "काँक्रीट चांगलं आहे. खोट माझी. तेवढाच सांधा फोडा."

फोडला. पाणी तिथूनच येत होतं. गिलावा टळला, पण वेदीमागे नव्या सिमेंटची आडवी पट्टी राहिली, शेवटच्या बाकावरूनही दिसणारी. फादर तिला रंग लावून देणार होते. मामांनी नको म्हटलं.

पुढच्या रविवारी मी त्यांना विचारलं, सारखी डोळ्यांसमोर येते, त्रास नाही होत?

"इतकी वर्षं मला एकट्यालाच दिसायची," मामा म्हणाले. "आता सगळ्यांना दिसते. बरं वाटतं."