जॅकवरची गाडी आणि संगीताची दोरी

मित्रांनो, आज सकाळी थोडक्यात वाचलो. म्हणून लगेच लिहितोय.

मी कामाला जातो त्या वाळूजच्या कंपनीला सुट्टी होती. म्हणून पुंडलिकनगरातल्या आमच्या घरासमोरच मोटरसायकलचं पुढचं चाक काढून ग्रीस भरायचं ठरवलं. गाडी मधल्या स्टँडवर लावली, इंजिनखाली फळी ठेवून जॅक दिला आणि चाक वर उचललं.

माझी बायको संगीता दारात आली. "अहो, गाडी डुलतीय. आधी बांधा ती."

"काय होत नाय," मी म्हणालो.

ती वाद घालत बसली नाही. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सोडून आणली आणि गाडीचं हँडल खिडकीच्या गजाला आवळून बांधलं. मला हसू आलं.

चाकाचा नट लई जाम होता. पान्यावर सगळा जोर टाकला, तसा जॅक सटकला आणि गाडी माझ्याच अंगावर कलली. मांडी घालून बसलेलो, पाय ओढायलाही वेळ नव्हता.

पण गाडी अर्ध्यातच थांबली. दोरी ताठ झाली होती.

"पाय काढा आधी!" संगीतानं ओरडत हँडल धरलं. शेजारचे काका धावत आले, तिघांनी मिळून गाडी सरळ केली. मला साधं खरचटलंसुद्धा नाही.

वाटलं, आता ही चांगलंच झापणार. तर ती पायरीवर बसून रडायलाच लागली. मग मीही तिच्याशेजारी जाऊन बसलो.

चहा घेतल्यावर चाक जमिनीवर असतानाच नट ढिला केला, दोन्हीकडून दोऱ्या बांधल्या आणि मगच गाडी उचलली. काम नीट झालं.

तुम्ही घरी गाडी उचलता तेव्हा शेजारी कोण उभं असतं?