सव्वा मूठ गहू

मी धुळ्यातल्या देवपूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. अबोध मन हा माझा हातखंडा विषय. माणूस उगाच काही विसरत नाही, जे नकोसं होतं ते मन तळाशी ढकलतं आणि ते तिथून आपल्याला नाचवतं, असं मी वर्गात ठासून सांगते. माझी गोष्ट निराळी. दर श्रावणात कानबाईचे रोट ताटात आले की माझा घास उतरत नाही. गळा कुणी आवळून धरावा तसं होतं. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि गळा ठणठणीत आहे म्हणाले.

आमच्याकडे खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजतात. ते दळून देवीचे रोट होतात आणि ते घरातल्यांनीच खायचे. माझं माहेर अमळनेरजवळ. लहानपणी आई मोजायला बसली की मी तिला चिकटून बसायची. आबांची मूठ पडली, काकांची पडली, पाळण्यातल्या भावाचीसुद्धा पडली. मी विचारलं, माझी? आई हसली. "तुन्ही मूठ तुन्हा सासरले."

मी वेडी, त्यावर विश्वास ठेवून बसले. धुळ्यात सासरी आल्यावर पहिल्याच श्रावणात सासूबाईंच्या हाताकडे टक लावून बसले होते. इथेही पुरुषच. आणि माहेरचे रोट सासरी गेलेल्या लेकीला चालत नाहीत. अस्सा संताप आला होता! पण नव्या सुनेने संताप कुणावर काढायचा? तोंड मिटून घास गिळायला गेले, तेव्हा पहिल्यांदा गळा आवळला.

हे सगळं मला कधीचं कळलंय. कारण सापडलं की गाठ सुटते असं मी शिकवते. माझी सुटली नाही. उलट आत काय चाललंय ते दिसतं आणि बाहेर पडता येत नाही, हे जास्त जीवघेणं.

यंदा सासूबाईंचे गुडघे धरले आणि मोजणी माझ्याकडे आली. दिवाळीनंतर माझ्या लेकीचं लग्न, म्हणजे या घरातला तिचा हा शेवटचा श्रावण. आदल्या दिवशी ती जवळ येऊन बसली.

"आई, या वर्षी माझी मूठ टाकशील?"

"टाकणारच. मी नाही टाकणार तर कोण?"

नवऱ्याच्या कानावर घातलं तर तो म्हणाला, टाक की, तुला कोण अडवतंय. खरंच कुणी अडवत नव्हतं.

सकाळी न्हाऊन बसले. सासरे, नवरा, दीर, दोघे पुतणे, एकेकाचं नाव घेत मुठी टाकल्या. हात कसा सराईतासारखा चालला होता. उठले, गहू घरघंटीत ओतले, बटण दाबलं. मागे वळले तर लेक दारात उभी.

"अगं बाई, विसरलेच! थांब, टाकते."

सासूबाई खाटेवरून शांतपणे म्हणाल्या, "एक डाव दयाले लिधं का मंग त्याम्हा भर नही घालतस."

मी वाद घालायला हवा होता. घरघंटी बंद करायला कितीसा वेळ लागतो? पण एकदा दळायला घेतलं की भर घालायची नाही, असं त्यांनी म्हटल्यावर मला बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. हे लिहितानाही माझी मलाच किळस येते. मला मिळालं नाही ते तिला तरी का मिळावं, असं आत कुणीतरी बसून म्हणत होतं, आणि ते कुणीतरी मीच होते.

लेक रागावली नाही. "असू दे," म्हणाली. "माणूस उगाच विसरत नाही, तूच शिकवतेस ना."

नैवेद्य झाला, ताटं वाढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा रोटाचा घास माझ्या गळ्याखाली सहज उतरला. लेकीने पहिला घास तोंडात घातला, थांबली, आणि पाणी मागितलं.