हरारेहून उजवीकडे

लुफेयो काम्तेझाला कुणाला नाही म्हणता येत नसे. तसे आमच्याकडे मलावीत ते फार थोड्यांना येते. वडीलधाऱ्याच्या तोंडावर नकार देऊ नये, हे आम्ही आईच्या पाठीवर बांधलेले असतानाच शिकतो. पण बाकीचे लोक हो म्हणतात आणि सोयीने विसरतात. लुफेयो मात्र दिलेला होकार धरून बसायचा. चौदा वर्षे त्याने जोहान्सबर्गच्या एका श्रीमंत वस्तीत माळीकाम केले. मालकीण म्हणाली गुलाब लाव, मालक म्हणाला गुलाब नकोत, आणि हा दोघांनाही हो म्हणाला. मग बाई घरी असतील तेव्हा गुलाब अंगणात आणि साहेब आले की मागच्या भिंतीआड, असे ते गुलाब कुंड्यांसकट वर्षभर हिंडत होते.

त्या डिसेंबरात तो पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीने घरी, मलावीला निघाला होता. गाडी म्हणजे एक जुनी पांढरी पिकअप. घरे मात्र दोन. आमच्याकडे लग्न झाले की पुरुष बायकोच्या गावी राहायला जातो. सगळेच घरजावई, तेव्हा लाजायचे कुणी कुणाला? लुफेयोने घर बांधले ते बायकोच्या, एनेलेसीच्या गावी, मचिंजीजवळ, झांबियाच्या हद्दीला लागून. पण पुरुष ज्या घरचा मामा असतो ते घर वेगळे. त्याच्या आईचे आणि बहिणीचे गाव म्वांझाजवळ, मोझांबिकच्या हद्दीला लागून. एका घरापासून दुसरे सात तासांवर.

बहीण मालिता तीन वर्षांपूर्वी वारली होती. तिची मुलगी झिओने हिचे आता लग्न ठरत होते. शनिवारी सकाळी आठ वाजता मुलाकडचे लोक कोंबडा घेऊन येणार होते, आणि त्यांच्या हातात कोंबडी द्यायची ती मुलीच्या मामाने. सख्खा मामा नसला तर दूरचा कुणी उभा राहतो, लग्न अडत नाही. पण मग सासरी भांडण झाले की पहिले वाक्य तेच निघते, तुझ्या मागे तरी कोण आले होते म्हणून.

मालिताच्या मातीला लुफेयो पोचला नव्हता. बस दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीवर, लिंपोपो नदीच्या पुलाशी दीड दिवस अडकली होती. तो गावात आला तेव्हा मातीचा ढीग वाळून फुटला होता. आई एक शब्द बोलली नाही, तिने त्याच्यापुढे न्सिमाचे, मक्याच्या घट्ट उकडीचे ताट ठेवले. तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरे, असे त्याला तेव्हाही वाटले आणि नंतर तीन वर्षे वाटत राहिले.

म्हणून या खेपेला रस्ता चुकायचा नव्हता. त्याने सल्ला विचारायला सुरुवात केली आणि तिथेच घोळ झाला.

जोहान्सबर्गजवळ थेम्बिसात त्याची खोली होती, शेजारच्या खोलीत फॉस्तेनकाका राहत. सत्तरीचे, एके काळचे ट्रकचालक. त्यांना वाटेतल्या सगळ्या देशांचे रस्ते पाठ होते, फक्त वीस वर्षांपूर्वीचे.

"बोत्स्वानातून जा," काका म्हणाले. "गर्दी नाही. काझुंगुलाला नदीवर तराफा मिळेल, तराफेवाला माझा दोस्त आहे."

"काका, तिथं आता पूल झालाय म्हणे."

"पूल? मग तो काय करत असेल बिचारा?" काका थोडा वेळ तराफेवाल्याची काळजी करत बसले. मग म्हणाले, "तर मग हरारेहून डावीकडे, झांबियातून. चिरुंडू, लुसाका, चिपाटा, मचिंजी. माझं गाव वाटेतच लागतं. मीही येतो तुझ्याबरोबर."

"हो, काका," लुफेयो म्हणाला.

एनेलेसीचा फोन आला. "तादालाचे बाबा, छपराचे पत्रे आणताय ना? मग मचिंजीवरूनच या. शुक्रवारी बोकड कापतेय. माझ्या भावांनाही सांगून ठेवलंय."

"हो," लुफेयो म्हणाला.

झिओनेचा फोन आला. "मामा, शनिवारी आठला. हरारेहून उजवीकडे वळा, मोझांबिकमधून, तेतेवरून. तिकडून आपलं गाव जवळ पडतं."

"हो गं बाळ."

असे दोन महिने चालले. रात्री तो कागदावर रेघा ओढी. डावीकडून गेलो तर शुक्रवारी दुपारी मचिंजी, बोकड खायचा, पत्रे उतरवायचे, मध्यरात्री निघून आठला म्वांझा. कागदावर सगळे जमत होते. एनेलेसीला त्याने कोंबडीचा वार सांगितला नव्हता आणि झिओनेला बोकडाचा. आपण कुणाशी खोटे बोलतोय असे त्याला वाटत नव्हते, कारण तो प्रत्येकाला खरेच हो म्हणाला होता.

बुधवारी सकाळी दोघे निघाले. मागे पत्रे, पत्र्यांखाली काकांच्या तीन बॅगा, त्यावर ताडपत्री. सणासाठी सगळी दक्षिण आफ्रिका एकदम घरी निघालेली. लिंपोपोच्या पुलाशी रांगेत बुधवारची रात्र गेली आणि गुरुवारची दुपारही. कागदावर तिथे चार तास लिहिले होते. पुढे मास्विंगोला गाडीतच झोपून शुक्रवारी नऊ वाजता ते हरारेला पेट्रोल पंपावर उभे राहिले, तेव्हा लुफेयोच्या हिशेबाचे पार बारा वाजले होते.

फोनवर घरी जाणाऱ्या गाववाल्यांचा एक ग्रुप होता. एकाने कळकळीने बोलून पाठवले होते की तेतेचा पूल बंद आहे, कुणीही येऊ नका. त्याच्या खालीच दुसऱ्याने त्याच पुलावर थंड बाटली पितानाचा स्वतःचा फोटो टाकला होता. तिसरा म्हणत होता की चिरुंडूला पाच किलोमीटर रांग आहे. चौथा म्हणाला, रांग नाही, पण पाऊस आहे. पाचव्याने नाताळच्या शुभेच्छा दिल्या होत्या. लुफेयोने सगळे दोनदा ऐकले. डोके भणभणू लागले. पंपावरच्या माणसाला त्याने विचारले, "भाऊ, मलावीला कुठून जाऊ?"

"मलावीत कुठं जायचंय?"

लुफेयोने खिशातून रेघांचा कागद काढला, त्यावर दोन्ही गावे होती.

"डावीकडे," काका पलीकडून म्हणाले. "विचार कसला करतोस? चल."

"हो, काका."

आणि तो डावीकडे वळला. डावीकडून गेले तर शनिवारी आठला म्वांझा गाठणे आता देवालाही जमले नसते, हे त्याला नीट कळत होते. तरी पाय गाडीला वेग देत होता, कारण शेजारी काका बसले होते, पत्रे मागे वाजत होते आणि बोकड शुक्रवारीच कापला जाणार होता. काहीतरी होईल, असे तो मनाशी घोकत राहिला.

तासाभराने झिओनेचा फोन आला. त्याने गाडी कडेला घेतली.

"मामा, घाई करू नका," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "आजी म्हणते, वाटेत अडकला असेल. तिने डेलोमामांना सांगून ठेवलंय. ते बसतील कोंबडी घेऊन."

"डेलो?" डेलो म्हणजे आईच्या मावसबहिणीचा मुलगा, सहा मैलांवर राहणारा. "पण मी येतोय ना."

"हो मामा. तुम्ही या सावकाश. आम्ही रागावलो नाही."

त्याने फोन ठेवला. पोरीने आपल्याला मुळात हिशेबात धरलेच नव्हते, हे त्याच्या ध्यानात आले. आई आणि भाची दोघींनी बसून, समजुतीने, त्याच्याशिवाय व्यवस्था केली होती. त्याने गाडी सुरू केली आणि वळवली.

"अरे, हे काय?" काका म्हणाले. "मागे कुठं?"

"तेतेला."

"आणि मचिंजी?"

"नाही, काका."

शेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात हा शब्द त्याच्या तोंडून वडीलधाऱ्यासमोर पहिल्यांदा निघाला. आता काका काय म्हणतील या भीतीने त्याने शेजारी मानसुद्धा वळवली नाही. हरारे परत आले.

मग काका म्हणाले, "तेतेला काय आहे?"

लुफेयोने सांगितले.

"मूर्ख आहेस," काका म्हणाले. "थेम्बिसात बोलला असतास तर मी बसने गेलो असतो. मला गुडघ्यांमुळे बसच बरी पडते. तू एवढा आग्रह केलास म्हणून आलो."

"मी आग्रह केला?"

"तू हो म्हणालास ना? मला नाही म्हणता येतंय का?"

काकांना तिथेच बसमध्ये बसवावे, तर त्यांच्या बॅगा पत्र्यांखाली. तेव्हा काकाही उजवीकडे वळले.

न्यामापांडाला, मोझांबिकच्या हद्दीवर रांगेत उभे राहून त्याने एनेलेसीला फोन लावला आणि कोंबडी, बोकड, शनिवार, सगळे एका दमात सांगून टाकले.

"अहो, झिओनेची कोंबडी आहे आणि तुम्ही माझ्या बोकडाला हो म्हणालात?" ती म्हणाली. "माझ्या पोरीच्या वेळी माझा भाऊ बोकड खात बसला तर मी त्याचं काय करीन?"

"मला वाटलं तू रागावशील."

"आत्ता रागावलेय. दोन महिने तुम्ही मला सांगितलं नाहीत. पत्रे सोमवारपर्यंत आणा. बोकड बांधून ठेवते."

डाव्या रस्त्याचे दोन तास फुकट गेल्यामुळे मोझांबिक-मलावीची हद्द शुक्रवारी रात्री बंद होण्याआधी गाठता आली नाही. तेतेला पूल उघडा होता. पुलावर बाटली पिणारा कुणी दिसला नाही. रात्र तिथेच काढून पहाटे निघाले, तरी शनिवारी गावात पोचायला दहा वाजून गेले.

आंब्याखाली चटया पडल्या होत्या. मुलाकडचे लोक एका बाजूला बसले होते, त्यांच्या मामाच्या काखेत कोंबडा होता. आपल्या बाजूला स्टुलावर डेलो आणि त्याच्या मांडीवर कोंबडी. झिओने आजीला चिकटून मान खाली घालून बसली होती. बोलणे निम्म्यावर आले होते. लुफेयो चटईच्या कडेला गुडघ्यांवर बसला, त्याच्यामागे फॉस्तेनकाका कण्हत टेकले.

दुरून आलेल्याने आधी वाट सांगायची, मग काम. ती रीत कुणाला चुकत नाही. मुलाकडचे मामा म्हणाले, "वाट सांगा, मामा. ऐकतो आम्ही."

लुफेयोने सांगितली. थेम्बिसापासून सुरुवात केली, पुलाची रांग सांगितली, बंद पूल आणि उघडा पूल सांगितला. हरारेहून आपण डावीकडे गेलो आणि परत फिरलो हेही सांगितले. तराफेवाल्याची हकीकत काकांनी मध्येच स्वतः सांगितली. पाहुणे हसले, डेलोही हसला.

"वाट ऐकली," मुलाकडचे मामा म्हणाले. "आता काम सांगा. कशाला आलात?"

हा प्रश्न येणार हे लुफेयोला माहीत होते. तरी तो अडखळला.

"मालिता माझी बहीण," तो म्हणाला. "तिला पोचवायला मी उशिरा आलो. हिच्यासाठीही उशीर झाला, दोन तास. पण वाटेत मी लोकांना नाही म्हणत म्हणत आलोय. मला कोंबडी द्यायची आहे. तुम्ही म्हणाल तर मी नुसता मागे बसतो."

त्याची आई चटईवरून उठली. तीन वर्षांत तिने त्या दिवसाचे नाव काढले नव्हते.

"तेव्हा मी तुझ्यासाठी माती थांबवून धरली होती," ती म्हणाली. "ऊन कलेपर्यंत. लोक म्हणाले, म्हातारे, आता पुरे. मग मीच हो म्हटलं."

तिने डेलोच्या मांडीवरून कोंबडी उचलली आणि लुफेयोच्या हातात दिली.