राजूरचा रिकामा पाळणा

मी एका वर्तमानपत्राच्या जालना कार्यालयात नऊ वर्षं उपसंपादक आहे. मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी आलं, बुजवलेल्या विहिरीतून आवाज आला... अशा बातम्या तालुक्यांतून येत असतात आणि त्या काढून टाकणं हे माझं काम. कोणी पाहिलं, किती वाजता, शेजारी दुसरं कोण होतं — हे तीन प्रश्न विचारले की बहुतेक बातम्या तिथेच संपतात. तेव्हा हे लिहिणारी बाई भोळी आहे असं धरून वाचू नका. मी आधी असलं काही मानत नव्हते, आजही मानत नाही. फक्त माझ्याकडे एक वही आहे, आणि तिच्यातल्या काही संध्याकाळच्या नोंदी मला काढून टाकता येत नाहीत.

माझी मुलगी रेवा हिवाळ्यात जालन्याच्या एका खासगी दवाखान्यात जन्मली. पहिलं बाळंतपण म्हणून सव्वा महिना मी माहेरी, राजूरला होते. आमचं घर गणपती मंदिराच्या मागच्या गल्लीत आहे. घरात आई, बाबा आणि काकू. काकू म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको, विमल. काका सोळा वर्षांपूर्वी गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून काकू आमच्यातच आहे. बारशाच्या दिवशी सगळ्या बायका मधल्या खोलीत पाळण्याभोवती होत्या आणि काकू स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होती. तिला कोणी आत बोलावलं नाही. मीही नाही. मला त्या दिवशी ते खटकलंसुद्धा नाही.

पाळणा सागवानी, तुळईच्या कड्यांना साखळ्यांनी टांगलेला. हलला की एक कडी करकरते. रेवा संध्याकाळी रडायला लागली की काकू तिला पाळण्यात घालायची, दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि मांडीवर सूप घेऊन तुरीची डाळ निवडत बसायची. पाय आपला चालू. रेवा थोड्या वेळाने गप्प व्हायची. यात काही नवल नाही, पाळणा त्यासाठीच असतो.

सव्वा महिन्यानंतर आम्ही जालन्याला परत आलो. पाळणा राजूरलाच राहिला, कारण आमच्या अंबड रोडच्या फ्लॅटमध्ये तुळई नाही. आणि खरं रडणं सुरू झालं. रोज साडेचार ते सात. डॉक्टरांनी तपासलं, वजन बघितलं आणि सांगितलं — कॉलिक आहे, पोटातल्या कळांचं रडणं, वजन छान वाढतंय, तीन-चार महिन्यांत आपोआप थांबेल. मी वही केली. रकाने असे : दूध किती वाजता, रडणं सुरू, रडणं बंद, काय केलं. ओव्याची पुरचुंडी, परिणाम नाही. पोटावर तेल, परिणाम नाही. माझा नवरा महेश बियाण्यांच्या कंपनीत आहे, तो त्या दिवसांत लवकर घरी यायचा. मिक्सरच्या आवाजाने मुलं शांत होतात असं त्याने कुठेतरी वाचलं, म्हणून त्याने रिकामा मिक्सर फिरवला. चौथ्या मिनिटाला शेजारच्या वहिनी विचारायला आल्या, "काय दळून राह्यले एवढं? पाहुणे येणारेत का?" वहीत नोंद आहे : मिक्सर, चार मिनिटं, परिणाम नाही.

मग एका मंगळवारी, पाच वाजून बारा मिनिटांनी, ती गप्प झाली.

कशी, ते नीट सांगते. रडणारं मूल दमून गप्प होतं तेव्हा आवाज हळूहळू उतरतो, हुंदके येतात. इथे तसं झालं नाही. रडणं मधेच तुटलं. डोळे उघडे होते आणि ते फिरत होते — उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे... सावकाश, एका ठेक्यात. मी तिच्या डोळ्यांसमोर हात धरला, ठेका बदलला नाही. पंखा बंद होता. पडदा हलत नव्हता. पाच अठ्ठावीसला डोळे थांबले आणि ती पुन्हा रडायला लागली. दुसऱ्या दिवशी हेच झालं, पण चार पन्नासला. तिसऱ्या दिवशी झालंच नाही.

चौथ्या दिवशी ती अशीच गप्प असताना मी ओवा किती घ्यायचा ते विचारायला राजूरला फोन केला. रेवा महेशच्या हातात, खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती. आई देवळात गेली होती, फोन काकूने उचलला. तिच्या बोलण्यामागे कडी करकरत होती. मी रेवाकडे पाहिलं. कडी वाजली की तिचे डोळे पलीकडे जात होते, पुन्हा वाजली की अलीकडे येत होते. फोन माझ्या कानाला होता, स्पीकर बंद होता.

"काकू, तो आवाज कशाचा येतोय?"

कडी थांबली. समोर रेवाचे डोळे थांबले, ओठ वाकडे झाले आणि तिने भोकाड पसरलं.

"कशाचा न्हाई. डाळ निवडून राह्यले."

"पाळण्याचा आवाज आहे तो."

मग काकू म्हणाली, "पायाला सवय झाली गं. दोरी सोडलीच न्हाई अजून. अक्काला सांगू नको."

अक्का म्हणजे माझी आई. रिकामा पाळणा हलवायचा नाही, बाळाला त्रास होतो — हे आमच्याकडे लहान मुलीलाही माहीत असतं. लहानपणी भावलीचा पाळणा रिकामा हलवला म्हणून मी पाठीत धपाटा खाल्लेला आहे.

"पुन्हा हलव," मी म्हणाले.

"रिकामाय तो."

"माहीत आहे मला. हलव."

कडी वाजली. रेवा गप्प झाली. महेशने माझ्याकडे बघून विचारलं, "काय केलंस?" मी काहीच केलं नव्हतं.

महेशचं म्हणणं होतं, योगायोग. किंवा आवाज ऐकून माझा चेहरा बदलतो आणि मूल आईचा चेहरा वाचतं. मला ते पटलं, म्हणून आम्ही फोन बंद ठेवला. काकूने तिला हवं तेव्हा पाळणा हलवायचा आणि वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून ठेवायची. मी इकडे वही लिहायची. दहा दिवस एकमेकींना काही सांगायचं नाही. तिच्या घड्याळात आणि माझ्या मोबाइलमध्ये दोन मिनिटांचा फरक होता, तो आधी नोंदवला.

दहा दिवसांपैकी सात दिवस वेळा जुळल्या, सुरुवात आणि शेवट दोन्ही, एखाद-दुसऱ्या मिनिटाच्या फरकाने. एक दिवस काकू मोसंबीच्या तोडीला मळ्यात गेली होती, पाळणा हलला नाही, आणि त्या दिवशी रेवा अडीच तास सलग रडली. उरलेल्या दोन दिवशी काहीच जुळलं नाही. ते दोन दिवसही लिहिते, कारण लपवले तर मी काढून टाकते त्या बातम्यांत आणि यात फरक राहणार नाही.

यानंतर मी जे केलं ते केवळ माझ्या धंद्यातलं माणूसच करेल. एका सूत्रावर बातमी द्यायची नाही, दुसरीकडून खातरजमा करायची, ही सवय. मी आईला फोन केला आणि विचारलं, गेल्या मंगळवारी सव्वापाचला काकू काय करत होती?

"का गं?" आई म्हणाली.

मी काहीतरी सांगून सावरायचा प्रयत्न केला. पण आईला तेवढं पुरेसं होतं. काकू रोज कॅलेंडरमागे काहीतरी लिहिते हे तिच्या नजरेत आलं होतं, तिने ते उलटून पाहिलं. त्याच संध्याकाळी पाळणा खाली उतरवला गेला. दोन दिवसांनी आईनेच फोन करून सांगितलं की काकूच्या भावाला पिंपळगाव रेणुकाईला निरोप गेलाय, तो उद्या येऊन तिला घेऊन जाईल.

"दोन महिने लेकरू का रडून राह्यलंय ते समजलं मंग. घरातच होतं सगळं."

"आई, उलट आहे. ती पाळणा हलवते तेव्हा रेवा गप्प होते. वहीत लिहिलंय."

"आन् रडायला कशानं लागती? ते लिहिलंय का वहीत?"

ते वहीत नव्हतं.

"किती दिवस पाठवतेस तिला?"

"बघू."

आमच्या घरात "बघू" म्हणजे काय, ते मला माहीत आहे. सोळा वर्षं राबलेल्या बाईला मी एका फोनमध्ये घराबाहेर काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी रेवाला घेऊन राजूरची एसटी धरली. संकष्टी होती, गाडी भाविकांनी भरलेली. रेवा रडत होती आणि अख्खी गाडी सल्ला देत होती. एक आजोबा म्हणाले, "गणपतीला घालून आना बाई पायावर, जल्दी फरक पडतो." मी हो म्हणाले, कारण वाद घालायला हात मोकळे नव्हते.

घरी पोचले तेव्हा काकूची भरलेली पिशवी दारासमोरच्या ओट्यावर होती आणि काकू भांडी घासत होती. मी बाबांना म्हणाले, पाळणा टांगा. त्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि टांगला. "तुमचं बायकांचं तुमी बघा," म्हणून ते मळ्यात निघून गेले.

चार चाळीसला रेवा सुरू झाली. मी तिला घेऊन ओट्यावर बसले, वही शेजारी उघडी ठेवली. आई उंबऱ्यात उभी. आत काकूने दोरी अंगठ्याला बांधली आणि रिकामा पाळणा हलवायला लागली. कडी करकरत होती.

रेवा रडत राहिली. पाच वाजले. सव्वापाच झाले. मी वहीत लिहिलं : परिणाम नाही.

"झालं समाधान?" आई म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. मला वाटतं तिलाही माझी कीव आली होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय चालवलं होतं. मूल गप्प झालं तर काकूने राहायचं, नाही झालं तर जायचं — ही अट आईने घातलेली नव्हती. ती मीच घालून बसले होते, वही समोर ठेवून.

मी वही मिटली. "काकू जाणार नाही," मी म्हणाले.

"आता तर तुझ्या वहीनंच सांगितलं."

"वहीचा काही संबंध नाही." मग मी आत बघून म्हणाले, "काकू, चल माझ्याकडे जालन्याला. आत्ताच्या आत्ता."

"मी कशाला येऊ जालन्याला?" काकू म्हणाली. पाय थांबला नव्हता. "अक्का, सोळा वर्षं तुमच्या शब्दाभाईर गेले न्हाई. बारशाला आत या म्हनलं न्हाई, मी पुऱ्या तळल्या. सातबाऱ्यावर माझं बी नाव हाये. मी कुठं बी जाणार न्हाई, ना भावाकडं ना हिच्याकडं. आन् पाळणा बी हलवणार. पोरगी रडो न्हाई तर हसो."

काकूला आईसमोर एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. आईनेही नसावं. ती पदर नीट करून चुलीकडे गेली.

साडेपाचला काकूचा भाऊ मोटारसायकलवर आला. त्याने ओट्यावरची पिशवी उचलली. काकू आतूनच म्हणाली, "ठिव ती खाली. चहा घे आन् जा." त्याने चहा घेतला आणि गेला. जाताना मला विचारलं, "मंग मला बोलावलं कशाला?" रेवा अजून रडत होती.

त्यानंतर तीन आठवडे आई आणि काकू एकमेकींशी बोलल्या नाहीत, मग बोलायला लागल्या, कारण एका चुलीवर ते जमत नाही. रेवाचं रडणं चौदाव्या आठवड्यात थांबलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच. त्या आधीच्या दिवसांत ती अधूनमधून मधेच गप्प व्हायची, डोळे त्याच ठेक्यात फिरायचे. मी काकूकडे वेळा मागितल्या. तिने दिल्या नाहीत. "एकदा लिवल्या, बास झालं," म्हणाली. त्यामुळे माझ्याकडे दहाच दिवसांची नोंद आहे आणि ती आता कधीच वाढणार नाही.

गल्लीत गोष्ट पसरली. काही बायका काकूला बघून मूल पदराखाली घेतात. काही उलट, रडकं मूल घेऊन येतात आणि आमच्यासाठी हलवा म्हणतात. काकू सगळ्यांना एकच सांगते : "तुमचा पाळणा तुमी हलवा."

महेश अजून योगायोग म्हणतो. असेल. पण फोनवरची ती कडी थांबलेली मी ऐकली, आणि त्याच क्षणी डोळे थांबले ते त्यानेही पाहिलंय. तीस किलोमीटरवरून जे व्हायचं ते एका भिंतीपलीकडून का झालं नाही, हे मला सांगता येत नाही. कोणी पाहिलं, किती वाजता, शेजारी कोण होतं — तिन्हीची उत्तरं माझ्याकडे आहेत आणि स्पष्टीकरण नाही.

ते नाही, हे मी मान्य करते. पण ते सापडेपर्यंत कुणाची तरी पिशवी ओट्यावर आणून ठेवायची, हे मला मान्य नाही. ज्यांना हा अनुभव वाचून काकू अपशकुनी वाटते त्यांनाही मी हेच सांगेन, आणि ज्यांना ती देवी वाटते त्यांनाही.